सिग्नल तेवढा सांगा

शिरूरला मामाच्या अंगणात 1975 ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. आजोबा गेले तरी मामाने ती मोडीत दिली नाही. दर पाच वर्षांनी पासिंग करून घेतो, दर रविवारी चोक ओढून सुरू करतो, महिन्यातून एकदा न्हावऱ्यापर्यंत चक्कर मारून आणतो. आणि गेली दोन वर्षं त्याने एकच ध्यास घेतलाय: ही गाडी मामीने चालवायची.

मामी दौंडची. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना रूळ फुटतात त्या जंक्शनात ती वाढली आणि लग्न होऊन आली ती रेल्वेच नसलेल्या गावात. शिरूरच्या बाजारपेठेत स्कूटीवरून ती कुठेही जाते. चारचाकीत मात्र डावीकडे बसते. दौंडला तिची आई आहे, ऐंशी ओलांडलेली. तिच्याकडे जाणं होतं ते मामाला सवड होईल तेव्हा.

मार्गशीर्षात मी दोन दिवस राहायला गेले होते. रात्रीची जेवणं झाल्यावर दोघांचं जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहून काढते आहे. पुण्यात ओळखीच्या कितीतरी घरांत हाच वाद मी ऐकलाय. नवरा म्हणतो, मी तर कधीचा मागे लागलोय, हीच शिकत नाही. बायको गप्प राहते. त्या रात्री मामी गप्प राहिली नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

सुरुवात मामानेच केली.

"गाडी शिकायची तर हिच्यावरच शिकावी. हिच्यात काही लपलेलं नाही. क्लच कुठे धरतो ते पायाला कळतं, इंजिन दमलं की कानाला कळतं. स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायला गेलीस तर फिरत नाही, गाडी जराशी चालती ठेवली की आपोआप हलकं होतं. एकदा हिच्यावर हात बसला की मग कुठलीही गाडी पुढ्यात येऊ दे."

मामी पानाला चुना लावत होती. "कुठलीही गाडी मला कशाला हवी? मला दौंडला जायचंय."

"मग तेच म्हणतोय मी."

"नाही. तुम्ही गाडीचं म्हणताय, मी दौंडचं म्हणतेय."

मी मध्ये बोलले. माझं मत मला आधीपासून ठाऊक होतं. म्हटलं, मामीला जायचंच असेल तर ताईची, म्हणजे मामीच्या लेकीची, गाडी आहे की, तीत क्लचच नाही. शिवाय पद्मिनीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढचे पट्टेसुद्धा मामाने नंतर बसवून घेतले. पन्नास वर्षांच्या लोखंडात बसवून नवख्या माणसाला न्हावऱ्याच्या रस्त्यावर कशाला पाठवायचं?

"नवख्या माणसानं सावकाशच जायचं असतं," मामा म्हणाला. "ही गाडी त्याला सावकाश न्यायला शिकवते. चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन, हिला घाई करताच येत नाही. ड्रम ब्रेक म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं लागतं, ठेवलं नाही तर पुढच्या वेळी आपोआप ठेवतोस. पाण्यातून गाडी काढली की ब्रेक लागत नाही, म्हणून पायाने जरा जरा दाबून ड्रम वाळवायचे. दौंडला कुरकुंभ मोरीत पावसाळ्यात पाणी साचतं ते काय नवीन आहे? हे सगळं ज्याला कळतं तो नव्या गाडीतही शहाण्यासारखा चालवतो."

माझा आक्षेप याने फिटला नाही, आजही फिटलेला नाही. जुन्या गाडीत धडक बसली तर ती माणसाला वाचवत नाही, हे त्याच्या कुठल्याही युक्तिवादाने बदलत नाही. पण मामीने माझी बाजू घेतली नाही. ती म्हणाली, "सोपी गाडी घेतली असती मी. पण ती लेकीची आहे. ती पुण्यात, मी शिरूरला. आईला रात्री बरं वाटेनासं झालं तर मी पुण्याहून गाडी मागवू का?"

मग मामाने मोराच्या चिंचोलीची गोष्ट काढली. शिरूर तालुक्यात ती आता प्रत्येकाला पाठ आहे. जानेवारी 2022 मध्ये वाघोलीच्या बायका मुलांना घेऊन मिनीबसने सहलीला चिंचोलीला आल्या होत्या. परतताना ड्रायव्हरला फिट आली. आडरस्ता, मुलं रडायला लागलेली. त्या बायकांतली एक उठली, स्टिअरिंगवर बसली आणि सुमारे दहा किलोमीटर बस चालवत तिने ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं. बस तिने त्याआधी कधी चालवलेली नव्हती.

"बघ," मामा म्हणाला, "वेळ सांगून येते का?"

"वेळ सांगून येत नाही, पण सवय आधीपासून लागते," मामी म्हणाली. "ती बाई कार चालवत होती, स्वतःच्या कामाला. म्हणून बस चालवू शकली. तिच्या घरी कुणी तिला अंगणात उभ्या केलेल्या गाडीतून महिन्याला न्हावऱ्यापर्यंत नेऊन आणत नव्हतं."

मामा काही बोलला नाही. मामीनेच पुढे सांगितलं, आणि हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी दौंडहून येताना पारगावच्या पुलाच्या अलीकडे मामाची साखर एकदम उतरली. घाम फुटला, हात थरथरायला लागले. त्याने गाडी कडेला घेतली, एवढं सुदैव. मामी शेजारी. पर्समधल्या दोन चॉकलेटांवर आणि फोनवर निभावलं. केडगावहून ओळखीचा एकजण मोटारसायकलवर येईपर्यंत ती भीमेच्या काठी, बंद गाडीशेजारी उभी होती, पलीकडून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या.

"त्या दिवशी मी ठरवलं की शिकायचं. तुम्ही दोन वर्षं सांगताय म्हणून नाही. त्या दिवसापासून."

"मग अडलंय कुठं?"

"तुमच्यापाशी."

इथे जरा थांबते, कारण मामाबद्दल वाचणाऱ्याचं मन कडू होऊ नये. त्याने या गाडीवर जीव लावला आहे त्याला कारण आहे. पद्मिनी म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट. प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढली, त्याच वालचंदांचा साखर कारखाना आमच्या दौंडला लागूनच असलेल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला होता. आजोबांच्या पिढीला त्या नावाचा अभिमान होता. पुढे फियाटचाच कारखाना रांजणगावला आला, मामाच्या घरापासून वीसेक मिनिटांवर. मामाने त्या वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी केली, घरी येऊन पद्मिनीचे पॉइंट घासले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचं आयुष्य ऑक्टोबर 2023 मध्ये संपलं, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. त्या दिवशी मामाने गाडी धुऊन अंगणाबाहेर उभी केली होती, दिवसभर. कुणाला दाखवायला म्हणून केली नव्हती. माझ्या आजीने या गाडीत आयुष्य काढलं ते मागच्या सीटवर, खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन. मामाला स्टिअरिंगवर एक बाई हवी आहे. ही त्याची इच्छा खरी आहे आणि चांगली आहे.

पण चांगल्या इच्छेला अडथळा असतो तो दुसऱ्याच ठिकाणी. मामीने तो सांगितला.

"आठवतंय, मागच्या दिवाळीत मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत नेलं होतं? पहिला गिअर खरवडला. कर्रर्र झालं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे नाही बघितलं, गाडीकडे बघितलं."

"हिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही गं. पूर्ण थांबल्याशिवाय टाकायला गेलं की ती दात खाते. मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. तेव्हा सांगितलं, त्याआधी सांगितलं, पाय उचलताना सांगितलं, पाय ठेवताना सांगितलं. स्टिअरिंगवरच्या गिअरवर माझा हात, त्यावर तुमचा हात. तुम्ही शेजारी बसलात की शिकवत नाही, चालवता. माझ्या हातापायांनी तुम्हीच चालवता."

मामा म्हणाला, "काळजीनं होतं ते."

"कुणाच्या? माझ्या की गिअरबॉक्सच्या?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा अगदी सरळ म्हणाला, "दोघांच्या. खोटं कशाला बोलू? दाराला पोचा आला तर तसं दार आता मिळत नाही. काचेची रबरं मिळत नाहीत. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, त्याने जुने होज नरम पडतात, पंपाचा पडदा जातो. आपल्याच उसाचं इथेनॉल, आणि आपल्याच गाडीला सोसत नाही. मी एकेक भाग शोधत फिरतो."

"मग अशी गाडी मला देताच कशाला? माझ्या स्कूटीला दोन ठिकाणी पोचे आहेत. आजवर एकदाही कुणी विचारलं नाही कधी झाले, कसे झाले. म्हणून मी ती चालवते."

मला वाटलं, इथे मामा हरला. पण त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाही. "मोडलं तरी मला काही वाटणार नाही अशी वस्तू तुझ्या हातात ठेवली, तर मी तुला काय दिलं?"

मामीने पान तोंडात घातलं. विडा रंगेपर्यंत ती विचार करत होती असं मला वाटलं.

यापुढे बोलणं जरा कागदपत्रांकडे वळलं, आणि तिथे मामीने मामाला खरोखर कोंडीत पकडलं. गाडीला आता पन्नास वर्षं झाली. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मामाने त्याचे फॉर्म आणून ठेवले होते. पण त्या नियमात एक अट आहे, अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांपुरतीच.

"म्हणजे ते पाटी लावतील आणि मी आईकडे जाऊ शकणार नाही," मामी म्हणाली. "मला शिकवायचं आणि ही गाडी व्हिंटेज करायची, दोन्ही कसं होणार? यातलं एक ठरवा."

मामाने फॉर्म परत कपाटात ठेवले. फाडले नाहीत, हेही सांगायला हवं. माझ्या मते फाडायचं कारणही नव्हतं. पाच वर्षांचं पासिंग अजून शिल्लक आहे, तोवर गाडी रोजच्या वापरात राहू शकते, आणि जुनी वस्तू वापरात राहणं हे तिला काचेआड ठेवण्याहून तिच्या मानाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

मामाने एक शेवटचा मुद्दा मांडला, तो मात्र मामीलाही पटला. शिरूर तालुक्यात उसाला लागून राहणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बिबट्या. दिवस मावळला की शेताकडच्या रस्त्याला दुचाकीवरून जाणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. "स्कूटीला दार नाही," मामा एवढंच म्हणाला.

"नाही," मामी म्हणाली. "त्याला मी नाही म्हणत नाही."

आणि मग तिने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती लहान असताना वडील ड्यूटीहून आले की चहा पिताना इंजिनातल्या गोष्टी सांगायचे. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. पुढचा सिग्नल दिसला की एकजण मोठ्याने सांगतो, दुसरा तोच शब्द परत उच्चारतो. पिवळा म्हटलं की पिवळा. हिरवा म्हटलं की हिरवा. दोघांनी पाहिलंय याची खूण म्हणून. "बाबा म्हणायचे, नवा माणूस हँडलवर असला तरी शेजारच्यानं फक्त सिग्नल बोलायचा. ब्रेक कधी लावायचा ते ज्याच्या हातात ब्रेक आहे त्यानं ठरवायचं."

साताऱ्याच्या सुरेखा यादवांनी 13 मार्च 2023 ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, ती दौंडवरूनच गेली. मामीच्या आईने ती बातमी टीव्हीवर तीनदा पाहिली म्हणे. त्यांच्या काळात इंजिनावर बाई हा विचारही कुणाला सुचला नव्हता, आणि मामीला तर तिच्या वडिलांनी इंजिनात चढवून हँडलला हात लावू दिला होता, उभ्या इंजिनात, सहा वर्षांची असताना. तेवढ्यावर ती आयुष्यभर समाधानी राहिली, असं मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. की राहिली नाही, फक्त बोलली नाही? मी विचारलं नाही.

"मी चालवीन," ती मामाला म्हणाली. "शिकाऊ लायसन्स मी गेल्या महिन्यातच काढलंय, तुम्हाला न सांगता. परीक्षा फोनवरच झाली. तुम्ही शेजारी बसा, कायद्यानं बसावंच लागतं. पण असिस्टंट म्हणून. सिग्नल तेवढा सांगा. समोर काय आहे ते. गिअर, क्लच, ब्रेक यातलं एक अक्षर बोलायचं नाही. गिअर दात खाऊ दे, गाडी बंद पडू दे."

"आणि चुकतंय हे मला दिसलं तर?"

"समोर काय दिसतंय ते सांगा."

मामा म्हणाला, "अवघड आहे."

"मला सोपं आहे का?"

सकाळी सातला निघालो. मी मागे, आजीच्या जागेवर. मामीने मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवला. चोक ओढला, गाडी सुरू झाली, तिने वाट पाहत चोक हळूहळू आत सारला. मामाने हात मांडीखाली घातले होते. लहान मुलं वर्गात घालतात तसे.

गल्लीतून निघताना दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तिने रेस दिलीच नाही, नुसता क्लच केसभर केसभर सोडत आणला आणि गाडी आपल्या वजनाने सरकली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, निदान त्या सकाळी तरी नाही. चौकात पहिला टाकताना गिअर खरवडला, चांगला खणखणीत. मामाचे खांदे वर गेले. तोंड उघडलं. मिटलं.

न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस, तोड सुरू झालेली, हवेत ओल्या पाचटाचा वास. तिसऱ्यावर गाडी स्थिर चालली होती. चौथा टाकावा असं मला वाटत होतं, मामाला तर नक्कीच वाटत असणार. त्याची मान जराशी डावीकडे वळली, खिडकीबाहेर. तिने चौथा टाकला तो बराच पुढे गेल्यावर, स्वतःच्या वेळेला.

वळणापलीकडे धूळ दिसली. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, अर्धा रस्ता व्यापलेला.

मामा म्हणाला, "पुढे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या."

मामीने पाय क्लचवर नेला. "ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या."

"समोरून एसटी."

"एसटी," मामी म्हणाली, आणि ओव्हरटेक न करता ट्रॅक्टरच्या मागेच राहिली.